ड्रुसिला ओटावाला जाऊन आली

आमच्या बेटावरच्या टर्न्स कोव्ह गावात ड्रुसिला पॉमेरॉयच्या हाताखालून गेलं नाही असं डोकं सापडणं कठीण. स्वयंपाकघर हेच तिचं सलून. एकीकडे चुलीवर किटली, दुसरीकडे खिडकीशी खुर्ची. माझेही केस तीच कापते. कात्री चालू असताना ती अख्ख्या गावाबद्दल बोलते. लिअँडरबद्दल मात्र कित्येक वर्षं तिने अवाक्षर काढलं नव्हतं.

लिअँडर तिचा धाकटा भाऊ. खेकड्यांच्या बोटीवर असायचा, मितभाषी, पाइप ओढणारा. एका रविवारी सगळं गाव चर्चमध्ये होतं आणि तो सर्दीने घरीच राहिला होता. धक्क्यावरच्या शेडमध्ये खुडबुड ऐकू आली म्हणून बघायला गेला. पलीकडच्या खाडीतला डर्मट नावाचा तरुण लिअँडरच्याच बोटीचं इंजिन चोरायला सोडवत होता. हातात मोठा पाना होता, तोच त्याने लिअँडरच्या डोक्यात घातला. लिअँडर परत शुद्धीवर आलाच नाही. डर्मट पकडला गेला, खटला चालला, शिक्षा झाली आणि त्याला दूर मुख्य भूमीवरच्या तुरुंगात नेलं. विषय मिटला असं गावाने गृहीत धरलं.

काही वर्षांनी ड्रुसिला शहरात बाजाराला गेली होती. दुकानात सलगम निवडताना तिने मान वर केली, तर समोर डर्मट. अंगाने वाळलेला, केस बारीक कापलेले, हातात टोपली. त्यानेही तिला ओळखलं. टोपली तिथेच खाली ठेवली आणि दाराबाहेर गेला. ड्रुसिला सलगम हातात धरून उभीच राहिली. दुकानातल्या मुलीने काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा चक्कर आली म्हणाली. मग काही न घेताच गाडीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी तिने सरकारी कचेरीत फोन लावला. तिथल्या माणसाने सगळं नीट सांगितलं. सुटकेआधी कैद्यांना ज्या घरात ठेवतात, तशा शहरातल्या एका घरात डर्मट काही महिन्यांपासून राहत होता. ज्यांनी कळवा म्हणून नाव नोंदवलेलं असतं, त्यांनाच असं कळवतात. ड्रुसिलाचं नाव नव्हतं.

"पण नाव नोंदवायचं असतं हे मला कोण सांगणार होतं?" तिने विचारलं.

तो माणूस म्हणाला, "खरं सांगू बाई? ते नेमून दिलेलं असं कुणाचंच काम नाही."

तिला चीड आली ती डर्मटची नाही, या उत्तराची. तिने आपल्या खासदाराच्या कचेरीत जाऊन हे सांगितलं. तिथे कळलं की गुन्ह्याची झळ बसलेल्या माणसांचं सरकार काय देणं लागतं, याचा अभ्यास संसदेची एक समिती करते आहे. बैठक टीव्हीवरही दाखवतात; राजधानीत, ओटावाला येऊन बोलाल का, असं त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली.

लिअँडरची बायको लोरेटा हे ऐकून बिथरली.

"माझ्या नवऱ्याचं नाव त्या टीव्हीवर नको. आणि तो मेला डर्मट कुठे राहतो, काय करतो, मला कधी सांगू नकोस. कळलं तर मी शहरात पाऊल टाकायची नाही."

ड्रुसिलाने विचार केला. "मग हेही सांगते त्यांना," ती म्हणाली.

"काय सांगणार?"

"की काहींना ऐकायचं नसतं."

लोरेटा दोन दिवस फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी पिशवी भरून दारात उभी. "तुला एकटीला विमानात सोडलं तर वैमानिकाची झुलपं कापायला बसशील. येते मी. पण मला बोलायला लावायचं नाही."

निघण्याआधी ड्रुसिलाने भाषणाचा सराव आमच्यावर केला. माझ्या कानामागे कात्री चालू होती, हलायची सोय नव्हती, त्यामुळे मी ते पूर्ण ऐकलंय.

समितीपुढे प्रत्येकाला पाच मिनिटं मिळत. ड्रुसिलाने घडलं ते सांगितलं, आवाज न चढवता. एका खासदाराने विचारलं, आधी कळलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?

"दुसऱ्या दुकानात गेले असते," ड्रुसिला म्हणाली.

कुणीतरी हसणार होतं, पण तिचा चेहरा पाहून थांबलं.

"तेवढंच. त्याला सोडू नका म्हणायला मी आले नाही. शिक्षा भोगली की माणूस बाहेर येणारच, आणि त्याची आईही आमच्याकडचीच आहे. पण तो येतोय हे त्याला ठाऊक, तुरुंगाला ठाऊक, पोलिसांना ठाऊक. मीच तेवढी अडाण्यासारखी उभी. ही माझी भावजय मागे बसलीय. हिला काही ऐकायचं नाही, तोही हिचा हक्कच. आमच्या दारात कुणीतरी यावं आणि दोघींना विचारावं, कळवायचं की नाही. शोधत फिरायची वेळ आमच्यावर नको."

वेळ संपल्याचं अध्यक्षांनी हळूच सुचवलं आणि तिचे आभार मानले.

बाहेर आल्यावर लोरेटा म्हणाली, "पाच मिनिटं! लिअँडरला पाइप पेटवायलाच तेवढी लागायची."

तो गेल्यापासून त्याचं नाव तिने हसत कधी घेतलं नव्हतं. दोघी त्या कॉरिडॉरमध्ये डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. पहारेकरी बघायला लागला तेव्हा कुठे चालू लागल्या.

समितीचा अहवाल आला. लोकांनी विचारायची वाट न बघता त्यांना माहिती द्यावी, अशी शिफारस त्यात होती. विचार करू, असं सरकारचं उत्तर आलं. कायदा अजून होता तसाच आहे. ड्रुसिला म्हणते, कुणीतरी ऐकलं हे खरं, पण ऐकून झालं म्हणजे काम झालं असं नाही.

डर्मट पुरता सुटला तेव्हा तिला फोन आला, कारण आता तिने नाव नोंदवलं होतं. लोरेटाकडे ती काही बोलली नाही. एका दुपारी कपडे वाळत घालताना लोरेटानेच विचारलं, "गेला का तो?"

"ऐकायचंय?"

"एकदाच."

"गेला. पश्चिमेकडे, कामाला."

लोरेटाने मान हलवली आणि पुढची चादर झटकली.

हल्ली मोठ्या खटल्याच्या दिवशी ड्रुसिला सलून बंद ठेवते आणि शहरातल्या कोर्टात जाते. बाहेरच्या बाकावर एखादं कुटुंब सुन्न होऊन बसलेलं असतं. ती त्यांच्याजवळ जाऊन बसते, थर्मासमधला चहा देते. खटल्याबद्दल विचारत नाही. आपलं नाव सांगते, आणि मग म्हणते, "यापुढचं तुम्हाला आपोआप कुणी कळवणार नाही. हवं असेल तर आजच नाव द्या, मी येते बरोबर. नको असेल तर तसंही चालतं."