टेम्पोतलं चालू घड्याळ

आख्ख्या नाशकात आमच्या दाजींपेक्षा हट्टी माणूस कुणी दाखवला, तर मी माझं नाव बदलीन. हा गृहस्थ अंबडच्या कारखान्यात तीस वर्षं मशीन चालवून निवृत्त झालेला. मनगटावर घड्याळ, खिशात मोबाइल, भिंतीवर ताईनं हौसेनं लावलेलं आणखी एक. पण वेळ विचारली की उठणार, इंदिरानगरच्या त्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत जाणार आणि जुन्या कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर बघून सेकंदासकट सांगणार. बाहेर येईपर्यंत तो सेकंद शिळा झालेला असतो, पण ते कोण बोलणार? पडद्यावर चित्र नाही, शोभा नाही. हिरव्या अक्षरांत चालतं घड्याळ, खाली मशीनवर ताण किती, मेमरी किती उरली आणि न थांबता किती दिवस चालू आहे, एवढंच. पाहुण्यांना चहाच्या आधी हे सगळं वाचून दाखवलं जातं. ताईच्या भिशीच्या बायका आल्या, तेव्हा "चारशे बारा दिवस झाले, एकदाही बंद नाही," असं त्यांना ऐकवून हे छाती काढून उभे.

हसायचं त्यांनी खुशाल हसावं. ते घड्याळ माझ्या भाचीनं, त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, नोकरीसाठी बंगळूरला निघायच्या दिवशी बॅग भरता भरता टाइप करून दिलं होतं. गडबडीत फाइल करून ठेवायची राहिली. म्हणजे मशीन बंद झालं की घड्याळ गेलं. हे कळल्यावर ती फोनवर म्हणाली, "बाबा, दोन मिनिटांत दुसरं पाठवते."

"मला दुसरं नको," म्हणत दाजींनी फोन ताईकडे दिला. पुढे मायलेकी तासभर बोलल्या. बापाच्या वाट्याला नेहमी "गोळी घेतली का?" एवढंच येतं.

मग अंबडला नवीन घर झालं. सामान हलवायच्या दिवशी दाजींनी जाहीर केलं, मशीन चालूच येईल. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघं. पायाशी बॅटरीचा यूपीएस, त्यांच्या मांडीवर मशीनचा डबा, माझ्या मांडीवर पडदा. पाथर्डी फाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि यूपीएस कोकलायला लागला.

"दाजी, निदान पडदा तरी बंद करा. बॅटरी तोच खातोय."

"आणि घड्याळ चालू आहे हे कळायचं कसं?"

सिग्नल सुटायच्या आत सगळं गप्प झालं. मला फार वाईट वाटलं.

नव्या घरात एकही खोकं न उघडता त्यांनी आधी मशीन लावलं आणि लेकीला फोन केला. ती म्हणाली, "थांबा, मेसेज करते."

"मेसेज नको. तू सांग, मी टाइप करतो."

एका बोटानं, अक्षर अक्षर करत दीड तास चाललं. मध्येच तिचं ऑफिस निघालं, तिथलं सांबार निघालं, घरमालकिणीची कटकट निघाली. ती हसली की इकडे दाजीही हसायचे. शेवटी घड्याळ चालू झालं आणि फोन ठेवला.

मी म्हटलं, "दाजी, आता तरी फाइल करून ठेवा. परत बंद पडलं तर?"

"पडू दे की," पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "परत फोन करता येईल."