कडू घास

आमच्या कचेरीत राष्ट्रीय एकात्मतेची शपथ दरवर्षी होते. हात पुढे करून सगळे पुटपुटतात आणि चहाला पळतात. मीही पळते. अव्वल कारकून म्हणून माझी बरीच नोकरी वणीच्या बाजूला झाली. देश एकत्र कशानं राहतो असं कुणी विचारलं, तर मला त्या शपथेतलं एक अक्षर आठवत नाही. पुरातली शाळा आठवते.

त्या वर्षी आमचे एसडीओ, म्हणजे उपविभागीय अधिकारी, तमिळनाडूचे होते. वय माझ्या भाच्याएवढं. मराठी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे खेड्यातल्या म्हाताऱ्यांनाही "कृपया आसनस्थ व्हा" म्हणायचे, आणि म्हातारे बिचारे उभेच राहायचे. वर्धा नदीला पूर आला तेव्हा काठावरचं गाव आणि शेजारचा बंजाऱ्यांचा तांडा, दोन्ही आम्ही उंचावरच्या शाळेत हलवले. गावातल्या बाया आणि तांड्यातल्या बाया वेगवेगळ्या चुली मांडून बसल्या. एकीचं पाणी दुसरीला चालेना. साहेबांनी समजावलं, मी ओरडले. उपयोग दोन्हीचा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन वाजला. त्यांची आई गेली होती. हे एकुलते एक.

"निघा साहेब, इथलं आम्ही बघतो," मी म्हटलं. पण नागपूरचा रस्ता आणि चंद्रपूरकडचा पूल, दोन्ही पाण्याखाली. एक बोट होती, ती अडकलेली माणसं काढत होती. साहेबांनी तिचं नावसुद्धा घेतलं नाही.

दुपारी एका वर्गात बाकावर बसून त्यांनी मोबाइलवर आईचं सरण पेटताना पाहिलं. अग्नी चुलतभावानं दिला. मधेच रेंज गेली, तरी ते फोनकडे बघत राहिले. बाजूला उभ्या मला रडू आवरेना, आणि ते मात्र उठून पिण्याच्या पाण्याच्या टँकरची चौकशी करू लागले. मला त्यांचा रागच आला. माणसानं इतकं कोरडं कसं राहावं?

संध्याकाळी तांड्यातली एक म्हातारी गावातल्या बायांच्या चुलीपाशी गेली. "साहेबाची याडी गेली," ती म्हणाली. याडी म्हणजे आई, हे गावातल्या बायांना ठाऊक होतं. "त्याचं इथं कोन हाये? कडू घास आपल्यालेच द्या लागन."

ज्या घरात मयत होते तिथली चूल त्या दिवशी पेटत नाही. शेजारी भाकर आणि पिठलं घेऊन जातात, बळंच भरवतात. तो कडू घास. मग पीठ कुणाचं, चूल कुणाची, हे कुणी विचारलं नाही.

वरांड्यातून जाताना साहेबांच्या कानावर "कडू" एवढाच शब्द पडला. त्यांना वाटलं, मदतीचं अन्न कडू निघालं, लोकांची तक्रार आहे. धावतच आले. "पीठ खराब आहे का? कोणी आजारी पडलं का?" आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवून तोंडात टाकला, नीट चावून खाल्ला.

"कडू नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "उत्तम आहे. तुम्ही निश्चिंत खा."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. म्हातारीनं तोंडाला पदर लावला.

"साहेब," मी म्हटलं, "हे तुमच्यासाठी केलंय. आईचं." आणि त्यांना रीत सांगितली.

ते तिथेच ओल्या फरशीवर बसले. म्हातारीनं घास करून त्यांच्या तोंडाशी नेला. तो काही त्यांना गिळवेना. दिवसभराचं रडू तेव्हा आलं, मोठ्यानं, आणि आम्ही कुणी त्यांना थांबवलं नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी मला विचारलं, "बाबा तिकडे एकटे आहेत. त्यांना कोणी असा घास दिला असेल का?"

उत्तर म्हातारीनंच दिलं. "देला असन नं, बेटा. तिकडं का मानसं नाईत? तुमच्याकडं काय देतेत अशा टायमाले?"

ते आठवत राहिले. लहानपणापासून वसतिगृह, मग कॉलेज, मग ही नोकरी, मग आमचा मुलूख.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी घरी कधी नव्हतोच."