दोन दोऱ्यांची गाडी

माझा मेव्हणा प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवतो. 'बल लावले की वस्तूची गती बदलते' हे वाक्य त्याने मुलांच्या दोन पिढ्यांकडून घोकून घेतलं. पण त्याच्या वर्गात वस्तू हललेली कुणी पाहिली नाही. मूल हललं, तर बाकावर उभं.

मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली. अधिकारी पाठ पाहायला येणार, पाठ रंगला की खुर्ची ह्याची. पठ्ठ्याने त्या खुर्चीसाठी बायकोकडून गादीसुद्धा शिवून घेतली होती!

प्रयोग साधा. उतरत्या फळीवरून खेळण्यातली गाडी सोडायची. खाली गोणपाट असेल तर ती लवकर थांबते, काच असेल तर लांब जाते.

"पण भाऊजी, हवी तेवढीच नाही गेली तर?" तो मला म्हणाला.

"अरे, जाईलच. तिला दुसरं काय येतं?"

"तुम्ही नाटकात काळा दोरा बांधून खुर्ची हलवायचात ना?"

हलवायचो! अंधारात ती खुर्ची सरकली की पहिल्या रांगेतल्या बायका किंचाळायच्या. काय दिवस होते ते! पण तिकीट काढून आलेल्याला ठाऊक असायचं, हे नाटक आहे. ह्या गृहस्थाने गाडीला मागून बांधून थोपवायला दोन काळे दोरे कापले. गोणपाटासाठी आखूड, काचेसाठी लांब. निसर्गावर भरवसाच नाही! वर मुलांकडून उत्तरांची तालीम. मी जन्मभर तालमी केल्या, पण इतका भिकार दिग्दर्शक पाहिला नाही.

पाठाच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसलो होतो. मेव्हणा घामाघूम. गोणपाटावर गाडी आपल्या आपण थांबली. मग त्याने काच ठेवली, फळीमागे हात घालून दोरा बदलला, गाडी सोडली. ती काचेवर आली न आली तोच हिसका बसून उभी राहिली. घाबरटाने लांब दोरा गोणपाटाला वापरून टाकला होता. काचेच्या वाट्याला आला आखूड.

"काय दिसलं?" त्याने सवयीने विचारलं.

"काचेवर गाडी लांब गेली!" सगळा वर्ग एका सुरात.

अधिकारी टेबलापाशी गेले. "लांब गेली?"

"हो!"

त्यांनी गाडी उचलली, तर मागोमाग दोरा आला. त्यांनी तो सोडवला, गाडी पुन्हा फळीवर ठेवली आणि हात काढला. गाडी काच ओलांडून, टेबलावरून उडी मारून थेट दाराकडे! मुलं बाकांवरून उठली. "सर, गेली! अजून जातेय!" असा उत्स्फूर्त टाळ्यांचा कडकडाट मला उभ्या हयातीत चार वेळा लाभला नसेल. त्या वर्गात पहिल्यांदा काहीतरी हललं होतं.

आणि हा? गाडीवर पाय देऊन ओरडला, "जागेवर बसा सगळे!"

अधिकाऱ्यांनी आपली वही मिटली.

खुर्ची शेजारच्या वर्गातल्या बाईंना मिळाली. गादी मात्र ह्याने दिली नाही.

संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसला. माझी बायको, म्हणजे त्याची ताई, चहा पुढे करत म्हणाली, "जाऊ दे रे. झालं ते झालं."

मला वाटलं, आता तरी ह्याच्या डोक्यात उजेड पडला असेल. धाकटा आहे, समजून घ्यावं, म्हणून मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

चहा संपवून तो म्हणाला, "चूक कळली मला, भाऊजी. दोन्ही दोरे काळे नको होते."