फुगडीत सुटलेला हात

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, लेकींना नाही. देवापुढे हात जोडले तरी एवढं वगळूनच बोलत आले. आज तुम्हाला सांगते — का, ते मलाही उमगत नाही.

सोलापुरात आमच्या घरी हातमाग होता. धाकट्या चंद्रीचे डोळे लहानपणीच देवीच्या साथीत गेले, तेव्हापासून आईने तिला उंबरठ्याच्या आतच ठेवलं. पडेल, धडकेल, लोक हसतील. बसल्या जागी मागासाठी कांड्या भरायच्या, नळ्यांवर सूत गुंडाळायचं, एवढाच तिचा उद्योग.

मीच हट्ट धरून तिला फुगडी शिकवली. फुगडीला डोळे कशाला लागतात? हात धरायचे, पाय जुळवायचे, समोरचीवर भार टाकून मागं कलायचं आणि फिरायचं. चंद्री अशी फिरायची, की — खोटं कशाला बोलू — मला तिचा अभिमान वाटायचा. आईही हळूहळू सैल पडली.

मग ती नागपंचमी. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. एकेक जोडी दमून बसली, आम्हीच उरलो. बायका कौतुक करू लागल्या — धाकटीचं. डोळस थोरलीला भोवळ येतेय आणि ही बघा कशी भिंगरी, असं काहीतरी. मला खरंच भोवळ येत होती. मी थांब म्हणाले, तर ती हसून आणखी जोरात फिरली.

दमले होते म्हणून? नाही. मला तिचा हेवा वाटला. मी हात सोडले — मुद्दाम, बोटं उघडून.

ती ओट्याच्या दगडावर आपटली. कपाळ फुटलं. आई धावत आली, आणि तिने विचारायच्या आत मी म्हणाले, "तिनंच हात सोडला की."

त्या दिवसापासून चंद्रीचं खेळणं बंद. पुढे दर पंचमीला ती आत कांड्या भरायची, आम्ही बाहेर खेळायचो. हो, मीही खेळायचे. एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. आईने मारलं असतं, दुसरं काय? पण सासरी गेले तरी ते वाक्य तोंडातून निघालं नाही. चंद्री त्याच घरात, बसल्या बसल्या म्हातारी झाली.

त्या पंचमीच्या संध्याकाळी कपाळाला चिंधी बांधून ती चाचपडत माझ्याजवळ सरकली होती.

"अक्का, माजा हात कसा सुटला गं? मला कळलंच न्हाय. तुला लई लागलं का?"

"न्हाय," मी म्हणाले. "पुढच्या बारीला नीट धर."

ती व्हय म्हणाली.