सिंधूबाईंनी ऐकलेले ठोके

सिंधूबाईंचा हात आधी मनगटावर पडायचा, बोलणं नंतर. आमच्या वस्तीतल्या सूतिकागृहात त्या नर्स होत्या. पोटावर लाकडी नळी टेकवायची, तिला कान लावायचा आणि त्याच वेळी दोन बोटांनी बाईची नाडी धरून ठेवायची, ही त्यांची पद्धत. "मायचे ठोके वेगळे, लेकराचे वेगळे. दोन्ही संगं मोजले तरच समजते," असं त्या सांगत. तेव्हा सोनोग्राफीचं नावही आम्ही ऐकलं नव्हतं. सिंधूबाईंचा कान म्हणजेच आमच्यासाठी सगळं.

मी पहिल्यांदा गेले ती पाचव्या महिन्यात, रडवेली होऊन. आधीचं एक तिसऱ्यातच गेलं होतं. सकाळी डोळा उघडायच्या आधी भीती जागी व्हायची. "काहून भिऊन राहिली वं? तुह्या भेवानं लेकरू थोडीच वाढते?" असं खेकसून त्यांनी कान लावला आणि अख्खी खोली चूप केली. मग म्हणाल्या, "घोडा पळून राहिला, घोडा! जाय, सीताबर्डीले जाऊन आलुबोंडा खा." मी खरंच गेले आणि दोन खाल्ले.

पुढे दर पंधरा दिवसांनी जायचे. पायावर सूज दिसली की मीठ बंद. चेहरा फिकट दिसला की पापणी ओढून बघणार आणि "रक्ताच्या गोळ्या खिडकीतून फेकून राहिली का वं?" म्हणून दरडावणार. फेकत होतेच मी! त्यांना कसं कळायचं कोण जाणे.

सातवा लागला तसं सासूबाईंनी कासाराला घरी बोलावून माझे दोन्ही हात हिरव्या चुड्यानं भरले, मनगटापासून पार वरपर्यंत, घट्ट. आमच्याकडे बाळंत होईपर्यंत त्यातली एकही बांगडी पिचू द्यायची नाही. दोनच दिवसांनी मला पोटातली हालचाल कमी वाटू लागली. सासूबाईंना घेऊन दवाखाना गाठला. सिंधूबाईंनी नेहमीसारखं मनगट चाचपलं, तर बोटं बांगड्यांत अडकली. त्या चुडा वर सरकवू लागल्या तशा सासूबाई ओरडल्या, "राहू द्या ना बाई! पिचली म्हंजे? सातव्यात अपशकुन नको." सिंधूबाईंनी हात सोडला. नुसती नळी लावली, बराच वेळ ऐकलं. "आहे, चांगलं आहे. झोपून राहिलं असंल," म्हणाल्या.

चार दिवसांनी पोट अगदी गार, जड झालं. मोठ्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, मूल आतल्या आत जाऊन चार-पाच दिवस झालेत. मुलगी होती. मला दाखवलीसुद्धा नाही.

सिंधूबाई घरी आल्या. आत येईनात, उंबऱ्याशीच बसल्या. "म्या नाडी नाही धरली. तुहं काळीज भेवानं धावून राहिलं होतं, तेच लेकराचं समजून ऐकलं म्या. माहं चुकलं, माय." सासूबाई उठून आत गेल्या. मी सिंधूबाईंना पाणीही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "त्या दिवशी नाडी धरली असती तर वाचली असती?" मला 'नाही' ऐकायचं होतं. अहो, सांगून टाकायचं ना 'नाही' म्हणून! त्या खाली बघत म्हणाल्या, "मले नाही माहीत वं."

नंतर त्यांनी काटोलला बदली मागून घेतली. मला पुढे मूल झालं नाही. कित्येक वर्षं मी त्यांचा राग राग केला, सासूबाईंचा केला, आणि हात पुढे करून गप्प बसलेल्या माझाही. मग एके दुपारी कुणीतरी सांगितलं की सिंधूबाई गेल्या. मला रडू आवरेना. ह्यांना कळेना, त्या बाईसाठी कशाला रडायचं! काय सांगणार? आमच्या घरातल्या कुणी माझ्या मुलीचं तोंड पाहिलं नव्हतं, तिला नावही नव्हतं. ती जिवंत असताना तिचे ठोके ऐकलेलं जगात एकच माणूस होतं.