मोरीत ओतलेलं पाणी

त्या उन्हाळ्यात मद्रासला पाणी लॉरीनं यायचं, एक दिवसाआड. बायको रांगेत उभी राहून प्लास्टिकच्या घागरी भरून आणायची. आणि मी त्यातलं तांब्याभर पाणी मोरीत उभं राहून बारीक धारेनं ओतायचो, बाहेर आवाज जावा म्हणून. माझी लघवी अडली होती, जेमतेम थेंब थेंब यायची, आणि हे तिला कळू द्यायचं नव्हतं.

मी चौथीपर्यंत शिकलेला, पण रेल्वेच्या कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळला. मला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नसे. डॉक्टर म्हणाले होते, प्रोस्टेटची गाठ वाढलीय, लघवी मागे तुंबून किडन्या फुगायला लागल्यात, ऑपरेशन करून घ्या. आमच्या कारखान्यातला एक फिटर असाच ऑपरेशनला आत गेला होता, तो परत आलाच नाही. पण भीती वाटते हे तोंडानं कोण सांगणार? बघू म्हणालो आणि उठलो.

औषधाच्या दुकानदारानं व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या, ई आणि सी. शरीराला आतून गंजू देत नाहीत म्हणाला. मला तिथल्या तिथे पटलं. बॉयलरच्या पाण्यात आम्ही पावडर टाकायचो. ती पाण्यातला ऑक्सिजन खाते, मग नळ्या गंजत नाहीत. हे तेच की. महिनाभर गोळ्या खाल्ल्या आणि तांब्या ओतला. पाय सुजले, जेवणाची शिसारी आली. ओटीपोट हाताला दगडासारखं लागायचं.

एका दुपारी बायको दाराबाहेरून म्हणाली, "अहो, लॉरी उद्या येणार आहे. खोटी लघवी जरा जपून करा."

घागरी लवकर का संपतात, हे तिला केव्हाच कळलं होतं.

तिनंच मला दवाखान्यात नेलं. तिथेही मी मान ताठ ठेवून डॉक्टरांना गोळ्यांचं आणि पावडरीचं सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. उंदरांना असल्या गोळ्या देऊन बघतात म्हणाले, किडनीचं नुकसान थोडं कमी होतही असेल. मग तमिळमधूनच शांतपणे विचारलं, "अय्या, सेफ्टी वॉल्व अडकलाय आणि खाली आग चालू आहे. तेव्हा तुम्ही पावडर टाकाल?"

ह्याच चुकीसाठी मी नव्या माणसांना शिव्या घातल्या होत्या. बायकोकडे बघवेना.

"आधी वॉल्व," मी म्हणालो.

त्याच दिवशी लघवीची नळी घातली. पिशवी भरताना मी त्या पिशवीकडे बॉयलरच्या पाणीपातळीच्या काचेकडे बघावं तसा बघत होतो, श्वास रोखून. पुढे ऑपरेशनही झालं. एक किडनी सावरली, दुसरी अर्धीमुर्धी. महिना फुकट घालवला नसता तर तीही वाचली असती का, मी विचारलं. डॉक्टरांनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

तांब्या आता स्वयंपाकघरात असतो, बायकोच्या नजरेसमोर. मी मोरीत गेलो की ती दाराशी कान देऊन उभी राहते. पहिली धार पडेपर्यंत आम्ही दोघंही बोलत नाही.