एका जोडीला एक कुलूप

माझ्या वहिनीला कारखान्यात सगळे कुलूपबाई म्हणायचे, आणि हे नाव मीच पाडलं होतं. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. नटबोल्ट, हातमोजे, दिवे, जे लागेल ते सही झाल्यावरच माझ्या खिडकीतून बाहेर जातं. वहिनी तिथे माझ्यानंतर सात वर्षांनी आली. कामगारांना विजेपासून जपायला शिकवायचं, हे तिचं काम. तेही सहा महिन्यांच्या बोलीवर. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर घरी.

तिचे वडील जळालेल्या विजेच्या मोटारी दुरुस्त करायचे. शाळेत असल्यापासून ती त्यांच्या दुकानात तांब्याच्या तारा गुंडाळायला बसायची. सतराव्या वर्षी तिला असा झटका बसला की ती समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली. उजव्या कोपरावर त्याचा व्रण अजून आहे. तेव्हापासून तिचा विजेवर काडीचाही विश्वास नाही. घरात साधा बल्ब बदलायचा तरी आधी मेन बंद. दादा म्हणतो, "हिला चहा कर म्हटलं तरी ही आधी मेन बंद करील." ती हसते आणि मेन बंद करते.

वर्गात बसवून शिकवणं तिला मान्य नव्हतं. ती माणसांना यंत्रापाशी न्यायची. टेस्टर लावायचा तर आधी चालू वायरवर, मग बंद केलेल्या वायरवर, मग परत चालू वायरवर. कोणी तरी हसत विचारायचंच, हे तीनतीनदा कशाला? "टेस्टरच मेलेला असला तर?" ती म्हणायची. "तो गप्प बसला म्हणून वायर मेली असं धरून हात घालणार का?" मग हसणं थांबायचं.

पण तिचा जीव होता तो कुलपांवर. पॅनेलच्या खोलीत प्रत्येक यंत्राचा मोठा स्विच आहे, त्याला लोखंडी दांडा. ज्या यंत्रात हात घालायचा त्याचा दांडा खाली पाडायचा, त्यात स्वतःचं कुलूप अडकवायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. पाच माणसं कामाला लागली तर पाच कुलपं. शेवटचा माणूस बाहेर येऊन आपलं कुलूप काढेपर्यंत दांडा वर जाणार नाही. "आत जीव ज्याचा, किल्ली त्याची," एवढं ती दिवसातून दहा वेळा म्हणायची. मला तर ते झोपेतही ऐकू यायचं.

सगळ्यात जुने फिटर आप्पा. त्यांनी पहिल्याच दिवशी तिला सुनावलं, "बाई, बत्तीस वर्षं वीज हाताळतोय. ती मला ओळखते."

"ओळखत असेल," वहिनी म्हणाली. "पण तुम्ही आत असताना बाहेरून जो दांडा वर करील, त्याला तुम्ही दिसता का, ते सांगा."

कुलपं हातात आली त्या दिवसापासून मात्र त्यांचं कुलूप लागू लागलं.

आता जी गोष्ट सांगायला मला जड जातं, ती. दुरुस्तीवर चाळीस माणसं होती, म्हणून तिने चाळीस कुलपं मागितली. कारखाना चालवणाऱ्या साहेबांनी मागणीवर काट मारून वीस केली. दुरुस्तीची माणसं जोडीनेच जातात, मग एका जोडीला एक कुलूप पुरे. बाकीची पुढच्या महिन्यात बघू. वर कागद आला तो असा: प्रत्येक कामगारास स्वतंत्र कुलूप दिले. खाली दोन सह्या हव्या होत्या, एक स्टोअरची आणि एक शिकवणारीची. मी माझी करून टाकली. वहिनीने तो कागद तीन दिवस पर्समध्ये फिरवला. रात्री भांडी घासताना ती म्हणाली, "वन्सं, हे खोटं आहे."

"अगं, महिन्याभराचा तर प्रश्न," मी म्हटलं. "चार महिने झालेत, दोनच राहिलेत. आताच कशाला साहेबांच्या डोळ्यावर येतेस? कर सही आणि मोकळी हो."

तिने माझ्या सांगण्यावरून सही केली. तो महिना गेला, पुढचाही गेला, बाकीची कुलपं काही आली नाहीत.

आणि मग तो दिवस. मुख्य कचेरीतून तपासणीस आले होते, चष्मेवाले, मितभाषी. तिला कायम करायचा कागद त्यांच्या बॅगेत होता, फक्त संध्याकाळी सही व्हायची होती. वहिनीने सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

दुपारी अडीचला पाळी बदलते. पावणेतीनला माझ्या टेबलावरचा फोन वाजला. सुपरवायझर होता. "मोठा कटर घेऊन पॅनेलच्या खोलीत या. लवकर."

भट्टी सकाळपासून बंद होती. ओला पुठ्ठा सुकवायची ती भट्टी म्हणजे चाळीस फूट लांब लोखंडी बोगदा, आत दोन्ही बाजूंना विजेचे हीटर. त्यातले काही जळाले होते, ते बदलायचं काम चालू होतं. मी कटर घेऊन पोचले तेव्हा स्विचसमोर चौघं उभी होती: साहेब, सुपरवायझर, तपासणीस आणि वहिनी. दांडा खाली होता. त्यात एकच कुलूप, पट्टीवर लिहिलेलं: आप्पा.

"आप्पा घरी गेलेत," सुपरवायझर मला म्हणाला, जणू मीच अडवून धरलं होतं. "वॉचमनने स्कूटर जाताना पाहिली. फोन उचलत नाहीत. भट्टीचं झाकण बसलंय, काम झालंय. किल्ली मात्र घेऊन गेले खिशात."

साहेब वहिनीकडे वळले. "तुमचाच नियम आहे ना? मालक आवाराबाहेर असल्याची खात्री झाली की कुलूप तोडता येतं. झाली खात्री. माल पाचला गाडीत चढायचाय."

नियम तसाच होता, अक्षर न् अक्षर. तपासणीसांनी तो हातातल्या पुस्तिकेत काढून पाहिला आणि मान हलवली. साहेबांनी माझ्यापुढे हात केला. मी कटर पुढे करणार, तेवढ्यात वहिनीने दांड्यावर पंजा ठेवला.

"नाही," ती म्हणाली.

"का नाही?"

ती बोलेना. मला कळलं ती का बोलत नाही ते. बोलायचं तर कागद खोटा ठरत होता, तोही तपासणीसांच्या देखत. तिची नोकरी त्यांच्या बॅगेत होती. साहेबांची नजर तिला हेच सांगत होती की गप्प बस, तुझंही भलं आणि माझंही. खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं की तिने हात काढावा. आप्पा तर गेलेच होते. कशाला उगीच?

"बाई, मी पाच मिनिटं थांबलोय," साहेब म्हणाले.

"हे कुलूप एकट्या आप्पांचं नाही," वहिनी म्हणाली. पंजा दांड्यावरच होता. "चाळीस माणसांना आपण वीस कुलपं दिलीत. हे दोघांचं आहे. प्रत्येकाला दिलं असं मी लिहून दिलंय, ते खोटं आहे. सही माझी आहे."

तपासणीसांनी पुस्तिका मिटली. साहेबांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलायच्या आत तपासणीसांनी विचारलं, "मग दुसरा कोण?"

सुपरवायझरने डोकं खाजवलं. "आप्पांबरोबर मुनी असतो. पण तोही गेला असणार."

"जाताना पाहिलंत?" तपासणीसांनी विचारलं.

मुनीला जाताना किंवा येताना कधीच कोणी पाहिलेलं नसतं. दिवसभरात तो चार शब्द बोलतो, म्हणून तर नाव मुनी. डब्याच्या वेळी तो शेजारी बसून गेला तरी लोकांना पत्ता लागत नाही.

"वन्सं, इथे उभ्या राहा," वहिनी म्हणाली. "दांड्याला कोणाला हात लावू देऊ नका. कोणालाही." आणि ती टॉर्च घेऊन धावली.

मी दांड्यापुढे उभी राहिले, हातात कटर. साहेब माझ्यापासून दोन हातांवर होते. सात वर्षं आणि वर सहा महिने मी या माणसाला कधी नाही म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, "तो कटर इकडे द्या." मी म्हटलं, "सही लागेल." दुसरं काही सुचलंच नाही. तपासणीस आमच्याकडे पाहत राहिले. घड्याळाचा काटा मला इतका हळू चाललेला कधी दिसला नाही.

मग भट्टीच्या मागच्या अंगाने वहिनीची हाक आली. पुढे झाकण बसलेलं खरं, पण मागचं तोंड उघडंच होतं, पुठ्ठ्याच्या थप्प्यांआड. सुपरवायझर धावला, त्याच्यामागे तपासणीस. मी जागची हलले नाही. पुढचं सगळं मला सुपरवायझरने सांगितलं. बोगद्यात वीस फूट आत मुनी गुडघ्यांवर बसला होता, कानात आवाज नको म्हणून बोळे, दोन्ही हातांत हीटरची उघडी टोकं. डोळ्यांवर टॉर्चचा झोत पडला तसा तो वैतागला. "उजेड बाजूला घ्या. दोनच राहिलेत."

त्याचं सांगून झालं तसा मी कटर खाली ठेवला.

आप्पांची बायको जिन्यावरून पडली होती. शेजाऱ्यांचा फोन आला तसे ते पुढचं झाकण लावून, मुनीला "आलोच" असं सांगून धावत सुटले. मुनीच्या कानात बोळे, त्याने काय ऐकलं देव जाणे. नियमाप्रमाणे आप्पांनी जाताना कुलूप काढून न्यायला हवं होतं. त्यांनी ते काढलं असतं, तर अडीचलाच दांडा वर गेला असता. हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

संध्याकाळी तपासणीसांनी आम्हा दोघींचे जबाब घेतले. माझीही सही खोटी आहे, हे मी स्वतःहून सांगितलं. उशिरा का होईना. कायम करायचा कागद सहीविना बॅगेत परत गेला. वहिनीला सांगण्यात आलं की निर्णय होईपर्यंत उद्यापासून येऊ नका. घरी आल्यावर ती जेवली नाही. "मी सही केली नसती तर मुनीकडे स्वतःचं कुलूप असतं," एवढंच म्हणाली. मला तिची माफी मागायची होती, मी तिचं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोअरची खिडकी उघडली तर समोर मुनी.

"ताई, माझं कुलूप."

"तुमच्यासाठी नाहीये हो," मी म्हटलं. "मागवते."

"बरं," तो म्हणाला. खिडकीखालच्या बाकावर जाऊन बसला. हत्यारांची पेटी पायाशी ठेवली.

थोड्या वेळाने दुसरा आला, त्यानेही कुलूप मागितलं, तोही बसला. बाक भरला तशी माणसं भिंतीला टेकून जमिनीवर बसू लागली. कोणी घोषणा दिली नाही, कोणी आवाज चढवला नाही. दहापर्यंत वीस जण झाले. ज्यांच्याकडे कुलूप होतं तेही जोडीदाराविना यंत्रात शिरेनात. साहेब आले. आधी ओरडले, मग समजावलं, मग मुनीसमोर उभे राहिले. "तुला काल काही झालं का? नाही ना? मग कोणी बसवलंय तुला इथे?"

मुनीने वर पाहिलं. इतकं मोठं वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

"बाईंनी शिकवलंय, किल्ली खिशात नसेल तर हात घालायचा नाही."

मी खिडकी लावून घेतली आणि वहिनीला फोन केला. काय चाललंय ते सांगितलं.

"सगळे वीस?" तिने विचारलं.

"सगळे वीस. आणि वहिनी, ती सही मी करायला लावली तुला. माझं चुकलं."

पलीकडे ती रडायला लागली, आणि मग मलाही आवरलं नाही. बाहेर साहेब दार वाजवत होते. त्यांना उरलेल्या वीस कुलपांचा मागणीचा फॉर्म हवा होता.